‘पीआर’मध्ये जायचं ठरलं, पण कोणत्या दारानं?

पत्राचा सारांश: पत्र पाठवणारी वाचक २७ वर्षांची आहे, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावची. बीए आणि पत्रकारितेची पदविका केल्यानंतर चार वर्षं ती एका मराठी दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बातमीदार आहे. आरोग्य आणि जिल्हा परिषद ही तिची बीटं, म्हणजे बातम्यांसाठी नेमून दिलेले विषय. पगार १६ हजार. राहते घरीच, त्यातले पाच हजार धाकट्या भावाच्या शिक्षणाला देते. आता तिला जनसंपर्काच्या, म्हणजे पीआरच्या, क्षेत्रात जायचं आहे आणि समोर चार वाटा आहेत. मुंबईतल्या एका पीआर एजन्सीनं ‘रिजनल’ विभागात महिन्याला २८ हजार सीटीसीची (कंपनीचा एका कर्मचाऱ्यावरचा एकूण खर्च, हातात त्याहून कमी) नोकरी देऊ केली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात पीआरओची (जनसंपर्क अधिकाऱ्याची) जागा आहे, २४ हजारांची. वडील म्हणतात, जिल्हा माहिती अधिकाऱ्याच्या परीक्षेची तयारी कर आणि तोवर एका सरकारी कार्यालयात कंत्राटी कामाला लाग. बरोबरचा एक बातमीदार मात्र सांगतो की नोकरी न सोडताही तीन स्थानिक नेत्यांचं सोशल मीडिया सांभाळून महिन्याला ४० हजार मिळतील. एजन्सीला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं आहे. इंग्रजी कच्चं असल्याची भीती आहे. ‘या चारांत सुरक्षित कोणती?’ असा तिचा प्रश्न आहे.

---

‘ताई, मला अहो-जाहो करू नका,’ असं तू लिहिलंस, म्हणून थेट ‘तू’च म्हणते.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य या चार वाटांच्या गर्दीत दडून गेलंय. ‘चार वर्षं ज्यांच्या प्रेस नोट बाजूला टाकल्या, आता त्यांच्याच रांगेत उभं राहायचं, हे मनाला लागतंय,’ असं तू लिहिलंस. आधी त्याबद्दल बोलू. ही टोचणी मलाही होती. साताऱ्याच्या एका दैनिकातून मी मुंबईत एजन्सीत गेले, तेव्हा आमच्या उपसंपादकांनी माझ्याशी दोन महिने बोलणं टाकलं होतं. पण तू ज्या प्रेस नोट बाजूला टाकल्यास, त्या का टाकल्यास ते तुला ठाऊक आहे. पहिल्या परिच्छेदात तीन विशेषणं आणि अध्यक्षांचं नाव, आणि गावाचा त्याच्याशी काय संबंध ते शेवटपर्यंत कळत नाही. जिल्ह्यातल्या बातमीदाराला काय लागतं, कधी लागतं आणि कशानं तो चिडतो, हे तुला कुणी शिकवावं लागणार नाही. मुंबईतल्या चांगल्या अभ्यासक्रमातून आलेल्या मुलांना ते कळायला दोन-दोन वर्षं जातात.

आता तुझा प्रश्न. ‘सुरक्षित कोणती’ असं तू विचारतेस, त्यात एक गृहीत आहे: चारही ठिकाणी काम एकच, फक्त मालक वेगळा. तसं नाही. जनसंपर्क या एका शब्दाखाली चार वेगळ्या नोकऱ्या आहेत. म्हणून प्रत्येक ठिकाणी मी दोन गोष्टी तपासायला सांगेन. तिथे तुझं लिखाण रोज कोण वाचणार आणि त्यावर लाल पेन कोण चालवणार? आणि दोन वर्षांनी तू तिथून निघालीस, तर बातमीदारांचा तुझ्यावरचा विश्वास वाढलेला असेल की घटलेला? या धंद्यात शेवटी आपल्याकडे एवढं एकच भांडवल असतं. पत्रकाराला एकदा खोटं सांगितलं की पुढची दहा वर्षं तो फोन उचलतो, पण ऐकत नाही.

हॉस्पिटल आधी घेते, कारण नाव सगळ्यांत फसवं तिथे आहे. आपल्याकडे खासगी हॉस्पिटलात ‘पीआरओ’ म्हणजे बहुतेकदा समोरच्या काउंटरवरची व्यक्ती. ॲडमिशनचा फॉर्म, मेडिक्लेमचं कॅशलेस, बिलावरून चिडलेल्या नातेवाइकांची समजूत. काही ठिकाणी आजूबाजूच्या तालुक्यांतल्या डॉक्टरांना भेटून ‘पेशंट आमच्याकडे पाठवा’ म्हणायचं, आणि त्याचं महिन्याचं टार्गेटही असतं. ही कामं कमी दर्जाची अजिबात नाहीत. आयसीयूबाहेर बसलेल्या माणसाशी नीट बोलता येणं ही मोठी गोष्ट आहे. पण तुला जे काम शिकायचं आहे, ते हे नव्हे.

त्याच हॉस्पिटलात खरं जनसंपर्काचं कामही असू शकतं. डॉक्टरांना स्वतःची जाहिरात करायला २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनं मर्यादा घातली आहे. त्यामुळे आरोग्यविषयक लेख, शिबिरं, अवयवदानाच्या बातम्या, एखाद्या मृत्यूनंतर झालेल्या तोडफोडीच्या वेळी काय बोलायचं आणि काय नाही, हे सगळं कुणी तरी जबाबदारीनं सांभाळावं लागतं. आरोग्य बीट केलेल्या मुलीसाठी ही उत्तम जागा ठरेल. म्हणून त्यांना सरळ विचार: मी कुणाला रिपोर्ट करणार, वैद्यकीय संचालकांना, मार्केटिंगला की प्रशासनाला? माझ्या आधी या जागेवर कोण होतं आणि ते दिवसभर काय करत होते? प्रेसशी बोलायचा अधिकार कुणाकडे आहे? शेवटच्या प्रश्नावर ‘ते सर बघतात’ असं उत्तर आलं, तर ती नोकरी काउंटरची आहे असं समज.

वडिलांचं म्हणणं मी हलक्यात घेणार नाही आणि तूही घेऊ नकोस. जनसंपर्क शिकायला सरकारी यंत्रणा ही जुनी आणि मोठी शाळा आहे. राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, प्रत्येक जिल्ह्यातलं माहिती कार्यालय, ‘लोकराज्य’ मासिक, दिल्लीतलं महाराष्ट्र परिचय केंद्र, पत्रकारांची अधिस्वीकृती हे तुला कामामुळे माहीतच आहे. पूर आला, साथ आली, तर जिल्हा माहिती अधिकारी काय करतो हे तू जवळून पाहिलंयस. ही पदं लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात आणि तिथे पत्रकारितेची पात्रता नि अनुभव दोन्ही विचारात घेतात. केंद्रात भारतीय माहिती सेवा आहे, तिच्या गट ‘अ’ची वाट यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून जाते. शिवाय महावितरण, रेल्वे, महापालिका, विद्यापीठं यांच्याकडेही जनसंपर्क अधिकाऱ्याच्या जागा असतात आणि त्यांच्या जाहिराती वेगवेगळ्या निघतात.

पण या जाहिराती दरवर्षी ठरल्या वेळी येत नाहीत. सगळं सोडून त्यांची वाट बघत बसलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. तिसाव्या वर्षी त्यांच्याकडे ना पद होतं ना अनुभव. राज्य सेवेतल्या बहुतेक सरळसेवा पदांना खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही वयोमर्यादा असते. नेमकी अट त्या त्या जाहिरातीत बघ. पण तू २७ ची आहेस. म्हणजे ही वाट बंद होण्याची घाई नाही. कुठेही नोकरी करत असताना फॉर्म भरता येतो आणि वाढलेला अनुभव तिथे उपयोगीच पडतो. वडिलांना हे आकडे दाखवून सांग, त्यांना नकार दिल्यासारखं वाटणार नाही.

‘तोवर कंत्राटी’ला मात्र माझा विरोध आहे. वडिलांच्या डोळ्यांसमोर सरकारी कार्यालय आहे, पण तुझ्या हातात पडणारा कागद बहुधा मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचा असेल. ११ महिन्यांची ऑर्डर आणि ठेकेदाराचं बिल निघेल तेव्हा पगार. दोन वर्षांनी अनुभवाचा दाखला मागशील तेव्हा कार्यालय म्हणेल, ‘तुम्ही आमच्या आस्थापनेवर नव्हता.’ कुणाला हे काम करावंच लागलं, तर नेमणुकीच्या पत्रावर नाव कुणाचं, पीएफचा नंबर मिळतो का आणि कामाचा दाखला कोण देणार, या तीन गोष्टी रुजू होण्याआधी लेखी घ्याव्यात. बातमीदार म्हणून तुझी नोकरी त्याहून बरी आहे.

४० हजारांच्या वाटेबद्दल मला लांबण लावायची नाही. नोकरीत राहून ज्यांच्या बातम्या करतेस त्यांच्याकडूनच पैसे घ्यायचे, हे करू नकोस. सहकारी करतो, इतरही करतात, हे मला माहीत आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर ‘पेड न्यूज’वरून (पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवरून) महाराष्ट्राचं नाव देशभर गाजलं आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलला त्या विषयावर अहवाल द्यावा लागला. त्याची झळ मालकांपेक्षा जिल्ह्यांतल्या प्रामाणिक बातमीदारांना जास्त लागली, कारण त्यांच्याकडे वाचक संशयानं बघू लागले. उद्या तू कोणत्याही हॉस्पिटलात किंवा एजन्सीत गेलीस, तरी जिल्ह्यातले लोक तुला याच गोष्टीवरून ओळखतील.

राजीनामा देऊन, उघडपणे, स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करणं ही वेगळी गोष्ट आहे. ते सन्मानाचं काम आहे, राजकीय असलं तरी. पण तो तुझा पहिला मुक्काम नसावा, कारण तिथे तुझं लिखाण तपासणारं कुणी नसतं आणि नेत्यांचं काम निवडणुकीच्या हवेवर चालतं. हवा गेली की फोन लागत नाहीत. ज्या वाचकांना या वाटेनं जायचंच आहे, त्यांनी काय काम, किती महिने, पैसे कधी, हे एका पानावर लिहून सही घ्यावी आणि पहिल्या महिन्याचे पैसे आगाऊ घ्यावेत. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, करून ठेवावी. सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानं कंपन्यांना बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, उशीर केला तर व्याजासह. बिलातून टीडीएस कापला जाईल, तो विवरणपत्र भरून परत मागता येतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. आणि सगळ्यात आधी, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा.

उरली एजन्सी. तुझ्या पत्रात तिच्याबद्दल दोन ओळी आहेत आणि इंग्रजीबद्दल बारा. मी उलटं करते.

एजन्सी म्हणजे भाड्यानं घेतलेला जनसंपर्क विभाग. कंपनी महिन्याची ठरावीक फी देते, त्याला रिटेनर म्हणतात, आणि एका एक्झिक्युटिव्हकडे असे तीन-चार क्लायंट असतात. आपल्या देशात ही पद्धत तशी अलीकडची. टाटांनी १९४० च्या दशकात मुंबईत स्वतःचा जनसंपर्क विभाग उभा केला, पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ ची, पण एजन्सींचा खरा सुळसुळाट १९९१ नंतर, बाजार खुला झाल्यावर झाला. म्हणून ‘खरा पीआर एजन्सीतच’ हे जे तुला कुणी तरी सांगितलंय, ते पूर्ण खरं नाही. पण नवख्या माणसाला दोन वर्षांत चार प्रकारचे धंदे आतून पाहायला मिळतात ते तिथेच. एका आठवड्यात बँकेचे तिमाही निकाल, दुसऱ्यात कारखान्यातला अपघात, तिसऱ्यात बियाणं कंपनीवरचा शेतकऱ्यांचा राग. हॉस्पिटलात दहा वर्षं काढलीस तरी विषय हॉस्पिटलचाच राहतो.

दिवस कसा असतो तेही सांगते. सकाळी सातला सगळी वर्तमानपत्रं चाळायची, क्लायंटची आणि त्यांच्या स्पर्धकांची कात्रणं नऊच्या आत मेलवर टाकायची. मग यादी काढून बातमीदारांना फोन, फॉलोअप, पत्रकार परिषदेची जमवाजमव. महिनाअखेर कव्हरेजचा अहवाल. त्यात अजूनही पुष्कळ क्लायंट ‘एवढी जागा जाहिरातीनं घेतली असती तर किती लागले असते’ तो आकडा मागतात. हा हिशेब चुकीचा आहे असं या क्षेत्रातल्या संस्थांनी २०१० मध्ये बार्सिलोनात एकत्र येऊन जाहीर केलं, तरी तो सुटत नाही. तुला तो करावा लागेल.

आता धोका. तुझ्या ऑफरमध्ये ‘रिजनल’ असा शब्द आहे, त्याच्याकडे नीट बघ. कित्येक एजन्सींत रिजनल एक्झिक्युटिव्ह म्हणजे भाषांतर करणारा माणूस. इंग्रजी नोट संध्याकाळी सातला मंजूर होते, साडेसातला तुझ्याकडे येते, आठला मराठीत पाहिजे असते आणि साडेआठला ती जिल्ह्यांत जाते. तोवर तुमच्या डाक आवृत्तीची (लांबच्या गावांसाठी लवकर छापल्या जाणाऱ्या अंकाची) पानं छपाईला सुटलेली असतात. दुसऱ्या दिवशी मुंबईत सगळे विचारतात, ‘मराठवाड्यात बातमी का नाही?’ तू ही गोष्ट आतून ओळखतेस, आणि तिथे बसलेल्या बहुतेकांना डाक आवृत्ती म्हणजे काय हेही ठाऊक नसतं. हेच तुझं बळ. पण क्लायंटच्या बैठकीत बसवलं नाही, तर ते बळ कुणाला दिसत नाही.

मी चौदा महिने फक्त भाषांतर केलं. एकदा शेतमाल घेणाऱ्या एका कंपनीची नोट माझ्याकडे आली. नव्या कारखान्याबद्दल दोन पानं आणि शेतकऱ्यांच्या थकलेल्या पैशांबद्दल अक्षरही नाही. मी वरिष्ठांना म्हटलं, मराठी पत्रकार पहिला प्रश्न तोच विचारतील. त्यांनी ‘तू फक्त भाषा बघ’ म्हणून सांगितलं. पत्रकार परिषदेत पहिला प्रश्न तोच आला, दुसरा आणि तिसराही. कंपनीच्या साहेबांचा चेहरा पांढरा पडला. पुढच्या बैठकीला मला बोलावणं आलं. पण असा प्रसंग घडेपर्यंत वाट बघायची वेळ तुझ्यावर येऊ नये. म्हणून ऑफर स्वीकारण्याआधीच माग: पहिल्या तीन महिन्यांनंतर किमान एका क्लायंटच्या बैठकीला मी बसेन आणि एका क्लायंटची मूळ नोट मराठीत मी लिहीन, भाषांतर नव्हे. ते हो म्हणाले, तर मेलवर घे.

इंग्रजीचं एवढंच सांगते की मुलाखतीत लपवू नकोस. रोज एका आर्थिक बातमीचा इंग्रजीत पाच ओळींचा सारांश लिहायला आजपासून लाग. मेल लिहिता येईल आणि बैठकीत समोरचा काय म्हणतो ते कळेल, एवढं इंग्रजी सहा-आठ महिन्यांत येतं. अस्खलित बोलणं मागाहून येतं, आणि नाही आलं तरी काम अडत नाही.

पैशांचा हिशेब मात्र कर, कारण तो तू केलेला नाहीस. २८ हजार सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफही धरलेला असतो. हातात साधारण २४-२५ पडतील असं धर. तू लिहिलेल्या पीजीचे ११ हजार, जेवणाचे पाच, लोकल-मोबाईलचे दोन, भावाचे पाच. उरले एक-दोन हजार. पहिलं वर्ष तुझ्या हातात आजच्यापेक्षा कमी राहील, हे घरी आत्ताच सांग. तुझ्याकडे ६० हजार शिल्लक आहेत म्हणतेस, त्यांना पहिले सहा महिने हात लावू नकोस. पीजी निवडताना रात्री दहानंतर दार उघडतात का, हे विचार. पत्रकार परिषदेच्या दिवशी तुला उशीर होणारच.

माझं मत विचारशील, तर एजन्सी, दोन वर्षांसाठी, ते वरचं बोलणं लेखी मिळालं तर. नाही मिळालं आणि हॉस्पिटलात तुझा वरिष्ठ खरोखर जनसंपर्काचं काम जाणणारा निघाला, तर हॉस्पिटल. मुंबई मोठी आहे म्हणून चुकीची खुर्ची स्वीकारू नकोस. दोन्ही नाही जमलं, तर आहेस तिथे सहा महिने राहा. ही ऑफर गेली तर दुसरी येणार नाही, ही भीती पंधरा दिवसांच्या मुदतीमुळे वाटतेय. जिल्हा पातळीवरचं वार्तांकन आतून माहीत असलेली माणसं एजन्सींना सहज मिळत नाहीत. आणि स्वयंसेवी संस्थांतली संवाद अधिकाऱ्याची कामंही शोध, तू त्यांचा विचारच केलेला नाहीस. कुपोषण, माताआरोग्य, लसीकरण यांवर काम करणाऱ्या संस्थांना ग्रामीण आरोग्य कळणारी, लिहिती माणसं लागतात.

निर्णयाआधी एक काम कर. तुझ्या ऑफिसच्या मेलमध्ये त्या एजन्सीकडून आलेल्या प्रेस नोट असतीलच. शेवटच्या तीन काढ आणि बातमीदाराच्या नजरेनं वाच: भाषांतर केल्यासारख्या वाटतात की मराठीत लिहिल्यासारख्या? प्रत्येकीच्या तळाशी एक नाव आणि मोबाईल नंबर असेल. तू जी नोकरी करणार आहेस, ती आज तीच मुलगी किंवा तोच मुलगा करतोय. त्यांना फोन लाव. किती क्लायंट आहेत, घरी कधी जाता, गेल्या महिन्यात क्लायंटच्या बैठकीला किती वेळा बसलात, एवढं विचार. सकाळी अकराच्या सुमारास कर. संध्याकाळी सातनंतर नको, तेव्हा ते तुमच्याच डाक आवृत्तीच्या मागे लागलेले असतील.